दात काढल्यावर गोळी घड्याळ बघून का घ्यायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

दात काढल्यावर दुखायच्या आधीच गोळी घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिथेच दोन ओळी खरडल्या असत्या तर उडवून लावल्यासारखं झालं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. दुखत नसताना गोळी घ्यायला सांगणं म्हणजे औषध कंपन्यांची दलाली. आईने आयुष्यभर लवंगेवर भागवलं. मी अँटिबायोटिकसुद्धा सुचवत नाही. आणि तुमची खालची दाढ काढली तेव्हा तुम्ही दिवसभर काही घेतलं नाही, रात्री असह्य झाल्यावर दोन गोळ्या एकदम घेतल्या, तरी पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. म्हणजे गोळ्यांचा उपयोग शून्य. जाता जाता तुम्ही वय ६८, बीपीची गोळी आणि इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिनची गोळी) चालू असल्याचंही लिहिलंय. माझ्या दृष्टीने प्रतिक्रियेतली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती. तिच्याकडे येतेच.

आधी त्या रात्रीचं बघू. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या आत जे लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात, त्याने ओठ आणि जीभ तीन ते पाच तास बधिर राहतात. तेवढा वेळ माणसाला वाटतं, आपल्याला काही दुखतच नाहीये. पण दात निघाल्या क्षणापासून त्या खड्ड्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार व्हायला लागलेली असतात. त्यांनी सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात. आयबुप्रोफेनसारखी गोळी ही रसायनं बनणं रोखते. जी आधीच साठली आहेत ती काही पुसून टाकत नाही. शिवाय गोळीचा असर सुरू व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. दूध उतू गेल्यावर गॅस बंद केला म्हणून ओटा कोरडा होत नाही, तसंच हे. तुमची गोळी निकामी नव्हती, तिला उशीर झाला होता.

म्हणून मी लिहिलं होतं की पहिली गोळी बधिरपणा उतरायच्या आत, काहीतरी मऊ खाऊन घ्यायची आणि पुढचे दोन दिवस ठरलेल्या वेळेला. सगळ्यात जास्त दुखतं ते पहिल्या दिवशी. तिसऱ्या दिवसापासून ‘दुखलं तर घेऊ’ हा तुमचा नियम मलाही मान्य आहे.

आता दलालीचं. आयबुप्रोफेन १९६९ पासून बाजारात आहे, पॅरासिटामॉल त्याहून जुनं. दोन्हींची पेटंट कधीच संपली आहेत. या गोळ्यांची अफूसारखी सवयही लागत नाही. उलट अमेरिकेत दाढ काढल्यावर अफूवर्गातल्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जायच्या आणि त्यातून किती जणांना व्यसन लागलं ते जगाने पाहिलं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्यांच्या दातदुखीसाठी पहिली पसंती आयबुप्रोफेनच्या गटातल्या गोळ्यांना आहे, एकट्या किंवा पॅरासिटामॉलसोबत.

‘दोन गोळ्या एकदम’ वाचून मात्र मला धास्ती वाटली. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत ४०० मिलीग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलीग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं. वर ‘अंग पण कसकसतंय’ म्हणून डोलो किंवा क्रोसिन घेतली की तेच पॅरासिटामॉल दुसऱ्यांदा पोटात जातं. धडधाकट माणसालाही पॅरासिटामॉल चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर चालत नाही. उतारवयात, अंगाने बारीक असणाऱ्याला किंवा रोज दारू पिणाऱ्याला त्याहून बरंच कमी. लिव्हर आधी दुखून इशारा देत नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं नातवाकडून वाचून घ्या, पण वाचा.

आणि ती शेवटची ओळ. माझ्या लेखातली आयबुप्रोफेनची शिफारस तुमच्यासाठी नाही. बीपी, किडनी, अल्सर, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी विचारा, असं तिथे म्हटलं होतं. तुमच्या बाबतीत त्यातल्या दोन गोष्टी लागू होतात. आयबुप्रोफेन इकोस्प्रिनच्या कामात अडथळा आणू शकतं, पोटात रक्तस्रावाचा धोका वाढवतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किडनीवर ताण आणतं. तुमच्यासाठी सुरुवात पॅरासिटामॉलने, तीही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. (पावसाळ्यात अंगात ताप असेल तर आयबुप्रोफेन कुणीच आपल्या मनाने घेऊ नये. तो ताप डेंगीचा निघाला तर रक्तस्राव बळावतो.)

लवंगेवर माझा राग नाही. तिच्यातलं युजेनॉल आम्ही दवाखान्यातही वापरतो. पण तुमच्या आईने लवंग धरली ती किडलेल्या, जागेवर असलेल्या दाढेत. दाढ काढल्यावर तिथे रक्ताची गुठळी असते. ती गुठळी म्हणजेच उघड्या हाडावरचं झाकण. त्यात लवंगेचं तेल लावलेला बोळा कोंबला की कच्चं मांस भाजतं आणि गुठळीही निघून येते.

याहून वाईट मिश्री. आपल्याकडे, विशेषतः गावाकडच्या बायकांत, दात दुखला की मिश्री आणि दात काढला तरी मिश्री. लावल्यावर जरा बधिर वाटतं हे खरं. पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, बोटाने घासताना गुठळी हलते, आणि नंतर खाकरून थुंकलं की उरलीसुरली बाहेर. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, मिश्री मात्र आजही घराघरात तव्यावर भाजली जाते. दात काढायच्या आधी मी तंबाखूबद्दल विचारते तेव्हा बायका ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच, ते दात घासायचं साधन. त्यामुळे मिश्रीचं नाव घेऊनच विचारावं लागतं, आणि तेही सासूबाई बाहेर बसल्या असताना.

गुठळी गेली की काय होतं? दोन दिवस बरं वाटतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक ठणका सुरू होतो. तो कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेनंतर हे जास्त होतं. इथे गोळ्या वाढवत बसू नका, पुन्हा दवाखान्यात या. खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की बऱ्याचदा त्याच दिवशी उतार पडतो. रोज कमी होत जाणारं दुखणं घरी सांभाळा. कमी होऊन पुन्हा वाढलेलं आमच्यावर सोपवा. ताप, गिळायला त्रास, तोंड न उघडणं, किंवा कापूस तासभर दाबूनही न थांबणारं रक्त असेल तर सकाळची वाट बघू नका.

अँटिबायोटिकबद्दल एवढंच, की ते जंतूंवर काम करतं, दुखण्यावर नाही. संसर्ग पसरला असेल किंवा रुग्णाची प्रकृती तशी असेल तर देतो.

पुढच्या महिन्यात दुसरी दाढ काढायची आहे असं तुम्ही लिहिलंय. रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा. इकोस्प्रिन आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून दंतवैद्य ठरवतील, आणि बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच दाढ काढता येते. वेळ सकाळची मागून घ्या. रक्त थांबेना किंवा आणखी काही वाटलं, तर संध्याकाळी दवाखाना उघडा असतो.