जातींची यादी आधी दाखवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

२०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे, तेव्हा मोजणीआधी जातींच्या नावांची यादी जाहीर करा, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचे आक्षेप तीन आहेत. एक, बिहारने जातगणना करून दाखवली, तेव्हा ‘आधी यादी, आधी यादी’ म्हणणं म्हणजे कामात खोडा घालणं. दोन, २०११ मध्ये लाखो जाती निघाल्या हा माहिती दडपण्यासाठी पुढे केलेला बहाणा. तीन, माणूस सांगेल ती जात लिहून घ्यावी, अधिकाऱ्यांनी त्यात हात घालू नये. शिवाय घरी प्रगणक, म्हणजे माहिती लिहून घेणारा कर्मचारी, आल्यावर नेमकं काय सांगायचं ते लेखात नव्हतं, अशी तक्रार आहे. ती रास्त आहे, शेवटी तिच्याकडे येतो.

आधी दुसरा आक्षेप घेतो, कारण त्यात तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. २०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना, म्हणजे एसईसीसी. ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी महाराष्ट्र सरकारने तिची कच्ची आकडेवारी मागितली, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती होत्या, एसईसीसीत ४६ लाखांहून अधिक नावं निघाली, सबब ही आकडेवारी वापरण्याजोगी नाही, असा केंद्राचा मुद्दा होता. सगळ्या वर्तमानपत्रांनी ४६ लाख हा आकडा उचलला आणि चर्चा तिथेच थांबली.

त्याच प्रतिज्ञापत्रात महाराष्ट्राचे आकडे आहेत आणि ते जास्त बोलके आहेत. राज्यात मोजलेली माणसं १०.३ कोटी, जातींची नावं ४,२८,६७७. यांतल्या ९९ टक्क्यांहून जास्त नावांखाली शंभर माणसंही नव्हती. ‘जात नाही’ अशी नोंद सुमारे १.१७ कोटी जणांची, आणि २,४४० नावांखाली ८.८२ कोटी माणसं. आता वजाबाकी करून पाहा. उरतात सुमारे ३१ लाख माणसं आणि सव्वाचार लाखांहून जास्त नावं, म्हणजे एका नावामागे सरासरी सात जण. सात माणसांची जात नसते. ती टंकलेखनातली चूक असते, आडनाव असतं, नाहीतर पोटशाखेचं किंवा गोत्राचं नाव असतं. उलट बाजूने पाहिलं तर दर शंभरातली ८५ माणसं अडीच हजारांपेक्षा कमी नावांत बसलेली होती. राज्यातल्या अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून सरकारी याद्यांत ४९४ नावं होती. २,४४० नावं ४९४ शी आणि यादीबाहेरच्या जातींशी जुळवणं हे जाणकारांच्या गटाचं काही महिन्यांचं काम होतं. २०१५ मध्ये नीती आयोगाचे तेव्हाचे उपाध्यक्ष अरविंद पानगढिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली, पण तिचे सदस्य कधी नेमलेच गेले नाहीत. तेव्हा ‘आकडे निरुपयोगी होते’ हे मलाही मान्य नाही. निस्तरायची इच्छा नव्हती, इथवर मी तुमच्यासोबत आहे.

पण ती घाण झालीच कशी, हा प्रश्न उरतो, आणि माझा सगळा लेख त्यावर होता. एसईसीसीत जातीच्या नावांची पक्की यादी न देता प्रगणकांना मैदानात उतरवलं. घरच्यांनी सांगायचं, प्रगणकाने विचारायचं आणि सोबतच्या डेटा एंट्री ऑपरेटरने टॅबलेटवर टंकायचं. एक दार डोळ्यांसमोर आणा. ‘जात?’ या प्रश्नाला आतून उत्तर येतं, ‘पाटील’. पाटील मराठा असतात, कुणबी, लेवा, आगरी, माळी, कोळी आणि जैनही असतात. पुढच्या दारी ‘पवार’. पवार मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, बंजारा आणि पारध्यांतही आहेत. ऑपरेटर ‘पाटील’ आणि ‘पवार’ टंकतो आणि दोन नव्या ‘जाती’ जन्माला येतात. तिसऱ्या दारी खरंच जात सांगितली जाते, कुणबी. ती कुठे कुणबी, कुठे कुनबी, कुठे कुणबि, कुठे हिंदू कुणबी अशी उतरते. कुणी घाईत ‘ति. कुणबी’ लिहितो. विदर्भात याचा अर्थ तिरळे, कोकणात तिल्लोरी. संगणकाला हे कळत नाही आणि दिल्लीत बसलेल्या तपासनिसालाही कळण्याची शक्यता कमी. केरळमधल्या मलबारात ‘मापिला’ हे एकच नाव चाळीस तऱ्हांनी लिहिलं गेलं आणि चाळीस जाती झाल्या, हेही त्याच प्रतिज्ञापत्रात आहे.

‘जात नाही’ या १.१७ कोटींचा प्रश्न वेगळा आहे आणि मला तो जास्त बोचतो. एसईसीसीच्या प्रपत्रात अनुसूचित जात, अनुसूचित जमात, इतर आणि ‘जात/जमात नाही’ असे चार पर्याय होते. खरोखर जात न मानणारे किती आणि प्रश्न टाळून पुढे सरकलेले किती, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. राज्यातला दर नववा माणूस असा हरवलेला आहे.

आता तुमचा तिसरा आक्षेप. सांगेल ते लिहून घ्यावं, यावर आपलं एकमत आहे. माणसाच्या तोंडचं उत्तर जसंच्या तसं जपून ठेवलंच पाहिजे. पण तक्ता करताना कुणीतरी नावं एकत्र करणारच, आणि ते कसं करायचं हा निर्णय असतो. जनगणनेत मातृभाषेच्या बाबतीत हे दरवेळी होतं. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषेची १९,५६९ वेगवेगळी नावं सांगितली. छाननी होऊन त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या, १,४७४ नावांचं वर्गीकरण झालं नाही आणि शेवटी १२१ भाषांचा तक्ता निघाला, तोही २०१८ मध्ये. हिंदीच्या ५२ कोटींत भोजपुरीचे ५ कोटी आणि राजस्थानीचे अडीच कोटी धरलेले आहेत. मालवणी कोकणीखाली जाते, अहिराणी खानदेशी या गटात. बोलणाऱ्यांना हे विचारलेलं नव्हतं. भाषेचं वर्गीकरण सात वर्षं लांबलं तरी कुणाचं आरक्षण अडत नाही. जातीचं अडतं. म्हणून हे एकत्रीकरण मोजणीनंतर बंद खोलीत होण्यापेक्षा मोजणीआधी उघड्यावर व्हावं, एवढंच मी म्हणतो आहे.

हे जमण्यासारखं आहे, याचा पुरावा जनगणनेतच आहे. १९५१ पासून प्रत्येक जनगणनेत अनुसूचित जाती आणि जमातींची मोजणी झाली. प्रगणकाच्या हाती राज्याची अधिसूचित यादी असते, सांगितलेलं नाव त्या यादीशी ताडून पाहायचं असतं. तिथे लाखो नावं निघाली नाहीत. २०२७ मध्ये नवं काय असेल, तर या दोन याद्यांबाहेरचे सगळे. त्यांतल्या ओबीसींच्या याद्या आहेत, पण केंद्राची वेगळी आणि राज्याची वेगळी. आपल्याकडे विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचे अ, ब, क, ड असे गट आहेत, केंद्राकडे असे गट नाहीत. वंजारी भटक्या जमाती ‘ड’मध्ये आणि बंजारा विमुक्त ‘अ’मध्ये, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिताना ही दोन नावं एकमेकांत सहज मिसळतात. खुल्या प्रवर्गाची तर सरकारी यादीच नाही. ती पहिल्यांदा करावी लागेल. कुणब्यांच्या पोटशाखा वेगळ्या मोजायच्या तर देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे वेगळे मोजणार का, हेही तेव्हाच ठरवावं लागेल. नियम कोणताही असो, सगळ्यांना एकच हवा.

मोबाइल ॲपने हे आपोआप सुटेल, असं तुम्ही लिहिलं आहे. उलट ॲपमध्ये चूक जास्त वेगाने पसरते. प्रगणकाने ‘धनग’ एवढंच टंकलं की खाली दोन नावं येतील, धनगर आणि धनगड. पहिलं भटक्या जमाती ‘क’मध्ये, दुसरं ‘ओराँव, धनगड’ असं अनुसूचित जमातींच्या यादीत. ही दोन नावं एकच आहेत की वेगळी, यावर राज्यात अनेक वर्षं आंदोलनं झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धनगर समाजाची अनुसूचित जमातीत गणण्याची मागणी फेटाळली. इथे बोट एका ओळीने खाली सरकलं तर एका कुटुंबाचा प्रवर्ग बदलतो, आणि अशा नोंदी हजारोंनी झाल्या तर निकालानंतर कोर्टात पहिला वाद त्यांचाच होईल. कोळ्यांचंही तसंच. महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी अनुसूचित जमातींत, सोनकोळी त्यांत नाहीत. नुसतं ‘कोळी’ लिहून पुढे गेलेल्या नोंदीचं नंतर काहीच करता येत नाही. एका प्रगणकाकडे साधारण ७०० ते ८०० माणसं असतात आणि २०११ मध्ये त्याला ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस मिळाले होते. तेवढ्यात तो प्रत्येक दारी पोटजात विचारत बसेल अशी अपेक्षा ठेवायची असेल, तर प्रश्न ॲपनेच पुढे केला पाहिजे: ‘कोळी’ निवडलं की ‘कोणते कोळी?’ ही ओळ आपोआप उघडली पाहिजे.

बिहारबद्दल. बिहारने २ ऑक्टोबर २०२३ ला आकडे जाहीर केले, १३ कोटींहून जास्त लोकसंख्येचे, अतिमागास ३६ टक्के आणि मागास २७ टक्के. ते जमलं याचं मुख्य कारण हेच की त्यांनी आधी जातींना क्रमांक देऊन सुमारे २१५ नावांची यादी छापली आणि प्रगणकांना नाव टंकण्याऐवजी क्रमांक भरायला लावला. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच मुद्द्याच्या बाजूचं आहे. यादी आधी बाहेर आल्याचा दुसरा फायदाही तिथेच दिसला. यादीत ‘किन्नर’ ही जात म्हणून २२ व्या क्रमांकावर होती. लिंगओळखीला जात ठरवल्याबद्दल गणना चालू असतानाच आवाज उठला. यादी गुप्त असती तर हे निकालानंतर कळलं असतं.

यादी नसेल तर काय होतं, हे आपण महाराष्ट्रात २०२२ मध्ये पाहिलं. ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाने ओबीसींची लोकसंख्या ३७ टक्के सांगितली, आणि मतदार याद्यांतल्या आडनावांवरून जात ठरवली म्हणून त्यावर टीकेची झोड उठली. त्या टीकेत तथ्य होतं. वर पाटील आणि पवारांचं जे झालं, तेच तिथे राज्यभर होण्याचा धोका होता.

माझ्या मते सर्वांत नाजूक जागा बौद्धांची आहे आणि तिच्याबद्दल बोललं जातं फार कमी. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे लाभ आहेत, पण जनगणनेत अनुसूचित जातीत मोजलं जाण्यासाठी धर्म ‘बौद्ध’ आणि जातीचं नाव यादीतलं, म्हणजे महार वगैरे, असं दोन्ही सांगावं लागतं. ‘बौद्ध’ हे नाव राज्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत नाही. ज्यांनी धर्मांतराने ते जुनं नाव टाकलं, त्यांना ते पुन्हा उच्चारायला लावणं हे साधं तांत्रिक काम नाही. २०११ मध्ये राज्यात बौद्ध सुमारे ६५ लाख, त्यांतले अनुसूचित जातीत नोंदलेले सुमारे ५२ लाख. मधल्या १३ लाखांत कोण किती, हे आकडे सांगत नाहीत. पण लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा ठरतात, तेव्हा या फरकाला किंमत आहे. यावर तोडगा पडताळणीच्या वेळी नव्हे, यादी करताना निघू शकतो: ‘बौद्ध (पूर्वाश्रमीची अनुसूचित जात)’ अशी स्वतंत्र नोंद ठेवता येईल. मला तरी याला विरोध करण्याचं कारण दिसत नाही.

तेव्हा माझी मागणी अशी: जनगणना महानिबंधकांनी राज्यवार नावांची यादी, समानार्थी नावं आणि शुद्धलेखनाच्या पर्यायांसह, फेब्रुवारी २०२७ मधल्या मोजणीच्या पुरेशी आधी जाहीर करावी, हरकती घ्याव्यात, आणि ॲपमध्ये दोन रकाने ठेवावेत. एकात माणसाने सांगितलेलं नाव, दुसऱ्यात निवडलेला क्रमांक. पुढे वाद झाला तर पहिला रकाना पाहून दुसरा दुरुस्त करता येईल. एसईसीसीत पहिला रकाना होता, दुसरा नव्हता. फक्त दुसरा ठेवला तर ‘इतर’मध्ये गेलेली माणसं कायमची गेली.

आता दारात काय करायचं. जातीचा प्रश्न दुसऱ्या टप्प्यात, लोकसंख्या मोजताना आहे. घरयादीच्या पहिल्या टप्प्यात घर, पाणी, शौचालय वगैरेंची चौकशी असते. आडनाव सांगू नका. ‘ओबीसी’ किंवा ‘ओपन’ हाही प्रवर्ग आहे, जात नव्हे. घरातल्या कुणाच्या जातीच्या दाखल्यावर किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे नाव आहे, ते आधीच पाहून ठेवा आणि पोटशाखेसह पूर्ण उच्चारा. आद्याक्षरं नकोत. धर्म वेगळा विचारला जातो, तो जातीच्या नावाला जोडू नका. घरातल्या प्रत्येकाची नोंद स्वतंत्र असते, त्यामुळे आंतरजातीय लग्न झालेल्या घरात सगळ्यांच्या नावापुढे एकच जात उतरली नाही ना, ते बघा. टंकलेलं नाव वाचून दाखवायला सांगा. यादीत नाव सापडत नसेल तर जवळचं दुसरं नाव निवडू देऊ नका, ‘इतर’मध्ये पूर्ण नाव लिहायला लावा. जात सांगायची नसेल किंवा मानत नसाल तर तसं स्पष्ट सांगा, रकाना नुसता रिकामा सोडू देऊ नका. स्वगणनेचा, म्हणजे स्वतःच ऑनलाइन माहिती भरण्याचा, पर्याय वापरलात तर हीच काळजी तुम्हाला स्वतःला घ्यावी लागेल.

प्रगणक दाखला मागू शकत नाही, कारण जनगणनेची नोंद सांगण्यावर चालते. जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ मुळे ती गोपनीय राहते आणि पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणजे तिथे काहीही लिहिलं गेलं तरी जातपडताळणी समितीपुढे ते चालणार नाही. तिथे अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचेच पुरावे लागतील, जसे आज लागतात.