खुलासा: ‘२४ तासांत डिलीट करा, मग गुन्हा नाही’

गाणं फुकट उतरवून २४ तासांत डिलीट केलं किंवा फक्त ३० सेकंद वापरलं तर कॉपीराइट लागत नाही, असा मेसेज फिरतोय. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तासांची किंवा सेकंदांची अशी सूट कुठेच नाही. कलम ५२ खासगी वापर, समीक्षा, वृत्तांकन यांना मुभा देतं. ग्रुपवर फाइल टाकणं त्यात बसवणं अवघड.

टॉरेंटवाल्यांची, म्हणजे इंटरनेटवर एकमेकांच्या मशीनवरून फाइल घेणाऱ्यांची, गंमत वेगळीच. फाइल उतरत असतानाच तिचे उतरलेले तुकडे तुमच्या मशीनवरून इतरांना जात असतात. ‘मी फक्त डाउनलोड केलं’ हा बचाव म्हणूनच लंगडा. कलम ६३नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यातल्या नफ्यासाठी नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं.

‘जुनं गाणं मोफत’ हेही अर्धवट. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं: १९६४चं ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०२५ला मुक्त झालं. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालणारे.