प्रार्थना पुरेशी असेल, तर मीटिंग आणि डॉक्टर कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम. दारू सोडू पाहणाऱ्या विश्वासणाऱ्याने चर्चच्या मंडळीसोबत ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या, मीटिंगलाही जावे, असे मी लिहिले होते. त्यावर तुम्ही कळकळीने विचारले आहे: ‘ख्रिस्त बंधन तोडतो, तर मीटिंग आणि डॉक्टर कशाला? तीन दिवस उपास-प्रार्थना करा, माणूस सुटतो. आणि ज्या खोलीत येशूचे नाव घेत नाहीत, तिथे आपल्या माणसाला का पाठवायचे?’

आधी त्या तीन दिवसांविषयी, कारण तिथे जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक. पुढे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो. माणूस चादरीवरून नसलेले किडे वेचू लागतो, रिकाम्या कोपऱ्याकडे बघून बोलतो, नाडी धावते, ताप चढतो. हे पाहून भोवतालचे लोक दुष्टात्मा समजतात, चारी बाजूंनी हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना करतात. भेदरलेला माणूस त्याने आणखी भेदरतो आणि इस्पितळात नेण्याचे मोलाचे तास निघून जातात.

त्यात उपास. दारूमुळे शरीरातले थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आधीच आटलेले असते. म्हणून तर जाणते डॉक्टर ग्लुकोज लावण्याआधी किंवा त्यासोबतच थायामिन देतात. ते न मिळाल्यास तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, मन गोंधळते, आणि काहींची स्मरणशक्ती कायमची जाते. उपास पुढे, तब्येत सावरल्यावर, डॉक्टरांना विचारून करा. या आठवड्यात त्याला वेळेवर खाऊ-पिऊ घाला, खोली शांत ठेवा आणि पूर्वी कधी फिट आली असेल तर घरी दारू सोडवण्याचा प्रयत्नच करू नका. प्रार्थना खाटेशेजारी हळू आवाजात करता येते. प्रभूला ती ऐकू येते.

आता येशूच्या नावाचा प्रश्न. तुमची खंत मला कळते, पण ए.ए.चा उगम पाहा. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि त्यातून ए.ए. सुरू झाली. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या सहवासात होते. सुरुवातीच्या त्या सदस्यांना डोंगरावरील प्रवचन, याकोबाचे पत्र आणि पहिल्या करिंथकरांचा तेरावा अध्याय हे तीन उतारे अत्यावश्यक वाटत. ए.ए.च्या १९३९च्या पुस्तकात दारूतून सुटण्याच्या बारा पायऱ्या आल्या, तेव्हा ‘ईश्वर, जसा आम्हाला उमगला’ असे शब्द मुद्दाम घातले, म्हणजे अविश्वासी मद्यपीही दारातून परत जाऊ नये. तिथे बसलेल्या ख्रिस्ती माणसाने मनात येशूचे नाव घेण्याला कोणाचीच आडकाठी नाही.

पाचवी पायरी वाचा: आपल्या चुकांचे नेमके स्वरूप ईश्वराजवळ, स्वतःजवळ आणि आणखी एका माणसाजवळ कबूल करणे. याकोब ५:१६ दुसरे काय सांगतो? एकमेकांजवळ पातके कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे निरोगी व्हाल. आपल्या मंडळ्यांत नेमके हेच अडते. उपासनेनंतर ‘बरे आहे, प्रभूची कृपा’ म्हणणारा माणूस न्हाणीघरात बाटली लपवतो, कारण खरे सांगितले तर गायकवृंदातली जागा जाईल ही भीती. मीटिंगमध्ये तास-दीड तास माणसे एकेक करून बोलतात, मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. बाटली कुठे लपवतात हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे खोटे टिकत नाही. मग स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य, मिळतो: सहसा वर्षभर तरी दारूपासून दूर असलेला, पुरुषाला पुरुष, बाईला बाई. रात्री तलफ उठली की फोन करायचा तो त्याला. पाळकांना या फोनमधून वगळा असे मी म्हणत नाही. पण शंभर कुटुंबे सांभाळणारा एकटा माणूस रोज रात्री किती पुरणार?

उपयोग होतो का, असेही तुम्ही विचारले आहे. अनेक संशोधने एकत्र तपासणाऱ्या २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसे होती. ए.ए.शी जोडून देणाऱ्या पद्धतशीर उपचारांत वर्षभर पूर्ण दारूमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण इतर उपचारांपेक्षा जास्त आढळले.

उघड ख्रिस्ती गटच हवा असेल, तर सेलिब्रेट रिकव्हरी आहे. १९९१मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये सुरू झालेल्या या गटाची आठ तत्त्वे डोंगरावरील प्रवचनातल्या ‘धन्य ते’ या वचनांवर बेतलेली आहेत. मात्र तिथे राग, दुःख, इतर सवयी असे सगळेच प्रश्न घेऊन लोक येतात. नुकत्याच सोडलेल्याला दारूचीच ओळख असलेली माणसे जास्त लागतात. शक्य तर दोन्हीकडे जावे.

औषधांना अविश्वास म्हणू नका. नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट तलफ उतरवायला मदत करतात, बाकी काम माणसालाच करायचे असते. डायसल्फिराम वेगळे. त्यावर दारू पोटात गेली की तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. ते कधीही चोरून जेवणात मिसळू नका. आणि हो, प्रभुभोजनाचा घोटही दारूच आहे. पाळकांना आधीच सांगून किण्वन न झालेला द्राक्षरस मागा, नाहीतर फक्त भाकर घ्या. कॅथलिक शिकवणीप्रमाणे एकट्या भाकरीतही ख्रिस्त पूर्ण असतो.

साक्षीची घाई मात्र मंडळीने आवरावी. महिनाभरात व्यासपीठावर उभे केलेला माणूस पुढच्या महिन्यात घसरला, तर परत येऊन सांगायचे त्याचे तोंडच बंद होते. पहिले वर्ष त्याला खुर्च्या लावू द्या, मागच्या रांगेत बसू द्या. घसरलाच, तर त्याच रात्री स्पॉन्सरला फोन, दुसऱ्या दिवशी मीटिंग, आणि पुन्हा सलग पीत राहिला असेल तर आधी डॉक्टर.