टक्कल कुणाच्या घराण्यातलं?

इंग्लंडमध्ये उंदीर पाळतात. सापळा लावून पकडायचे आणि पहाटे दुसऱ्याच्या गल्लीत सोडून यायचे, तसे नव्हे. खांद्यावर बसवून टीव्ही बघायला पाळतात. हा छंद जुना आहे. व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमार म्हणून मिरवणारा जॅक ब्लॅक वेगळ्या रंगाचे उंदीर सापडले की मारायचा नाही, त्यांची पैदास करून विकायचा. पुढे १९०१ साली एल्सबरीच्या प्रदर्शनात मेरी डग्लस या बाईंच्या काळ्या-पांढऱ्या उंदराने बक्षीस पटकावलं. १९७६ पासून तर उंदीरप्रेमींची राष्ट्रीय संस्थाच आहे. एवढा इतिहास मला आमच्या मुक्ताने ऐकवला आणि लेस्टरमधल्या आमच्या घरात दोन उंदीर आणायचेच, असं बजावलं. मी सांगलीला आईकडे दाद मागितली. आई म्हणाली, "गणपतीचं वाहन आहे. नाही म्हणू नकोस."

दुकानदाराने दोन्ही माद्या असल्याची खात्री दिली आणि त्यात तो खोटं बोलला नाही. त्यातली एक दोन जिवांची आहे, एवढंच सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं. सरळ केसांची ती शंकरपाळी आणि कुरळ्या केसांची ती चकली, असं बारसं गाडीतच उरकलं. चकलीच्या मिशासुद्धा कुरळ्या होत्या. पार्लरमधून थेट आल्यासारखी दिसायची.

काही दिवसांत चकली पोटाने गोल झाली. बायको म्हणाली, "तुम्ही फार खायला घालता." मग एका सकाळी पिंजऱ्यातून चूंचूं ऐकू आलं आणि मुक्ताने अकरा मोजले. उंदरीण जेमतेम तीन आठवड्यांत बाळंत होते आणि तिला स्तन बारा असतात. म्हणजे निसर्गाने एक जागा शिल्लक ठेवूनच हिशेब केला होता.

उंदराची पिल्लं जन्मतात तीच गुलाबी, आंधळी आणि बिनकेसांची. त्यामुळे सुरुवातीला सगळी सारखी दिसतात आणि कुणालाच काळजी नसते. आठवडाभरात अंगावर मखमल आली, दोनेक आठवड्यांनी डोळे उघडले. तिघांचे केस सरळ, बाकीचे कुरळे. आम्ही फोटो काढून सांगलीला धाडले. आणि मग कुरळ्यांपैकी तिघांचे केस गळायला लागले. आधी मान, मग पाठ. थोड्याच दिवसांत ती तिघं पिंजऱ्यात उघडीबोडकी फिरायला लागली.

घरात पहिली नजर माझ्या डोक्याकडे गेली. बायको काही बोलली नाही, पण तेल लावताना मी हात धुतो का, असं तिने सहज विचारलं. मुक्ताला उवांची शंका आली. मला चकलीचीच शंका आली, कारण काही उंदीर दुसऱ्याचे केस चाटून-कुरतडून साफ करतात. शेवटी व्हेटकडे गेलो. त्याने भिंगातून पाहिलं, कातडी ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि विचारलं, "यांचा बाप कोण?"

आता हा प्रश्न आम्हाला विचारण्यात काय अर्थ होता?

पण अर्थ होता. कुरळ्या केसांच्या उंदराला रेक्स म्हणतात. त्या जनुकाची एकच प्रत मिळाली, आईकडून किंवा बापाकडून, तर केस कुरळे होतात. दोघांकडून मिळाली की केस धड टिकत नाहीत. गळतात, परत येतात, भलत्याच जागी येतात. हे डबल रेक्स. आई-बाप दोघेही रेक्स असले, तर पिल्लांत साधारण पाव सरळ, अर्धी कुरळी आणि पाव टकली निघतात. आमचे तीन, पाच, तीन. मेंडेलने वाटाणे सोडून आमच्या घरी बसायला हरकत नव्हती.

(अस्सल बिनकेसांचे उंदीर वेगळे. त्यांचं जनुक पिढ्यान्‌पिढ्या दडून बसतं. त्यातल्या काहींना तर थायमस ग्रंथीच नसते आणि साध्या जंतूंशीही लढता येत नाही. आमचं त्या मानाने स्वस्तात निभावलं.)

म्हणजे सरळ केसांच्या बापाला ही टकली होणंच शक्य नव्हतं. बाप कुरळाच हवा. आणि दुकानातल्या त्या पिंजऱ्यात कुरळे नर कोण होते? चकलीचे सख्खे भाऊ. पाच आठवड्यांचे झाले की उंदीर वयात येतात; तेव्हा नर-माद्या वेगळ्या करायला हव्या होत्या, केल्या नव्हत्या. टकलावरून बापाचा पत्ता लागल्याचं हे मी पाहिलेलं पहिलं उदाहरण. सगळा उलगडा होऊनही मी मुक्ताला एवढंच बजावलं, "हे आजीला सांगायचं नाही."

आईला मी निम्मंच सांगितलं. बाप कुरळा, आईही कुरळी, दोन्हीकडून तेच आलं, म्हणून असं झालं. जाणकारसुद्धा रेक्सची गाठ रेक्सशी घालू नका, सरळ केसांचं स्थळ बघा, असंच सांगतात.

"म्हणजे एकनाडी," आई म्हणाली. "पत्रिका बघितली असतीत तर ही वेळ आली नसती."

बायकोला ही संधी हवीच होती. टक्कल दोन्ही घराण्यांतून येतं, निम्मंनिम्मं, हे तिने आईला फोनवर मोठ्याने समजावलं. आमच्या घरात दोष निम्मा वाटून घ्यायची पद्धतच नाही. नाक, राग, मधुमेह, गणितातले मार्क, सगळं आजवर पलीकडच्या घरातूनच आलेलं आहे. आई लगेच म्हणाली, "आमच्याकडे नाही हो कुणाला टक्कल." पुरुषाच्या टकलात मोठा वाटा असलेलं एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला तो एक्स आईकडूनच मिळतो, ही माहिती तेव्हा माझ्या जिभेच्या टोकावर होती. ती मी गिळली. दिवाळीला सांगलीला जायचं होतं.

टकली पोरं खादाड निघाली. अंगावर केस नाहीत म्हणून उष्णता उडून जाते, ती भरून काढायला सतत खातात. मोदक, पेढा आणि साबुदाणा रात्रभर वाटी वाजवायचे. त्यांच्यासाठी खोलीतला हीटर चालू राहिला आणि आम्ही स्वेटर घालून बसलो. मुक्ताला त्यांना प्रदर्शनात न्यायचं होतं. पण त्या राष्ट्रीय संस्थेच्या प्रदर्शनात बिनकेसांच्या उंदरांना प्रवेशच नाही. जनावराला त्रास होईल अशा गोष्टीची हौस वाढू नये म्हणून. नियम मला पटला. मुक्ताला पटला नाही. दरम्यान पेढ्याच्या पाठीवर पुन्हा केस उगवले आणि मोदकाची शेंडी तेवढी राहिली. आईने व्हिडिओ कॉलवर पाहून विचारलं, "याची मुंज लावलीत की काय?"

त्याच कॉलवर मुक्ताने घोळ केला. आजीने नुसतं विचारलं होतं, "अगं, यांचा बाप कसा असेल गं दिसायला?"

"चकलीसारखाच. तिचा भाऊच आहे ना तो!"

मी हीटरचं बटण तपासायला वाकलो. सांगलीहून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"म्हणजे बाप तोच मामा?" आई म्हणाली.

"हो."

"मग बारशाला अंगडं-टोपडं कुणी आणायचं? आणि या तिघांना तर त्याची खरी गरज आहे!"