खुलासा : ब्रेनस्टेममधली प्रत्येक गाठ म्हणजे 'सहा महिने' नव्हे

"ब्रेनस्टेममध्ये गाठ निघाली की आयुष्य सहा महिने; सीटी नॉर्मल असेल तर घोर नको; बायोप्सी केली की गाठ पसरते." चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या मेसेजमधली तिन्ही विधानं चुकीची आहेत. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ.

लहान मुलांच्या पॉन्समध्ये (ब्रेनस्टेमचा मधला भाग) पसरत जाणारा ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची गाठ), म्हणजे डीआयपीजी, खरोखर वाईट. निम्म्याहून अधिक मुलं वर्षभरात दगावतात. रेडिएशनने (एकूण साधारण ५४ ग्रे इतका डोस, ३० भागांत, सहा आठवडे) काही महिने मिळतात, गाठ कायमची जात नाही. पण टेक्टममधली (ब्रेनस्टेमच्या वरच्या टोकाचा मागचा भाग) छोटी गाठ बहुधा वर्षानुवर्षं आहे तेवढीच राहते. तिथे खरा त्रास मेंदूत पाणी साचण्याचा, आणि त्याला दुर्बिणीतून वाट काढून देता येते. दोन्हींना एकच मुदत लावणं हा निव्वळ अडाणीपणा.

सीटीत कानाजवळच्या जाड हाडांमुळे काळे पट्टे उमटतात आणि नेमका हाच भाग झाकला जातो. म्हणून एमआरआय, तोही कॉन्ट्रास्टसह. मूल काही आठवड्यांत तिरळं पाहू लागलं, तोंड वाकडं झालं, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण एमआरआय लांबवू नका.

बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढताना, रक्तस्राव किंवा मज्जातंतू दुखावण्याचा धोका असतो. गाठ पसरण्याची भीती मात्र निराधार. चित्र स्पष्ट डीआयपीजीचं असेल तर बायोप्सी दरवेळी लागतेच असं नाही. शंका असेल तर हवीच, कारण आपल्याकडे टीबीची गाठही तिथे होते, आणि ती औषधांनी बरी होऊ शकते.