दोन फुटी भिंत आणि बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांची घरं सध्या माझ्याकडेच बांधायला आहेत, त्यामुळे वाचून सोडून देता येईना. कोरेगाव रस्त्याला ज्यांचं जोतं झालंय त्या काकांनी तर खाली लिहिलं होतं, "साहेब, नऊ इंची रद्द करा. दीड वीट धरा."

मेसेज थोडक्यात असा: "पूर्वजांच्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड होत्या, म्हणून उन्हाळ्यात पंखासुद्धा लागत नसे. भिंत जितकी जाड तितकं घर थंड. अमेरिकेत मात्र दोन पातळ लाकडी भिंती उभ्या करून मधल्या पोकळीत रद्दी कागदाचा भुसा भरतात आणि तिला डबल-स्टड भिंत म्हणतात. ही पुठ्ठ्याची घरं ना ऊन अडवतात ना थंडी. वाऱ्याने उडतात, काडी लावली की पेटतात. इन्सुलेशन हा कंपन्यांचा धंदा आहे. नऊ इंचाऐवजी पंधरा इंच भिंत बांधा आणि एसी विसरा."

सातारा आणि सांगलीकडे मी बावीस वर्षं घरं बांधतोय. वाड्यांचं कोणी कौतुक केलं की मला बरंच वाटतं. पण हा मेसेज ना वाड्याला न्याय देतो ना त्या लाकडी भिंतीला, आणि त्याच्या भरवशावर लोक जादा विटांचे पैसे मोजायला निघालेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"भिंत जितकी जाड तितकं घर थंड."

तासगावला किंवा मिरजेकडे बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आतून पाहिलंय का? बाहेर एप्रिलचं ३८-३९ अंशांचं ऊन आणि आत स्वेटर घालावा असा गारठा. दोन्हींच्या मध्ये भिंत असते ती जेमतेम चार इंची पफ पॅनेलची, म्हणजे पत्र्याच्या दोन पातळ पडद्यांमध्ये घट्ट झालेला फेस. महिन्याला विजेचं बिल भरणारा माणूस काळ्या दगडाच्या भिंती बांधत नाही. दगड आपल्याकडे हवा तेवढा आहे, तरीही बांधत नाही.

कारण उष्णता किती आत येणार हे जाडीइतकंच त्या वस्तूच्या गुणावर ठरतं. आपल्या भाजक्या विटेतून जेवढी उष्णता पलीकडे जाते, त्याच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढीच कागदाच्या त्या भुशातून जाते. म्हणजे एक इंच भुसा आणि वीस इंच वीट यांचं काम सारखं. आपला काळा दगड तर विटेच्या जवळजवळ दुपटीने उष्णता वाहतो. हिशोब केला तर दोन फुटी दगडी भिंत ऊन अडवण्यात फूटभर विटेच्या भिंतीएवढीच भरते. मेसेज लिहिणाऱ्याला हे पटणार नाही, पण आकडे असे आहेत.

उष्णता अडवते ती अडकून पडलेली हवा. गोधडी ऊब देते ती चिंध्यांमुळे नाही, चिंध्यांच्या थरांत कोंडलेल्या हवेमुळे. हवा मोकळी सोडली तर ती फिरते आणि उष्णता इकडून तिकडे नेते. त्यामुळे "दोन भिंती घ्या, मध्ये पोकळी सोडा" हा सल्लाही अर्धवटच आहे. रिकाम्या पोकळीने थोडा फरक पडतो. ती भरली तर मोठा पडतो.

मग वाडा थंड कसा? तो थंड असतो हे खरंच आहे, त्यात मला वाद नाही. जाड भिंत उष्णता फारशी अडवत नाही, ती साठवते आणि उशिरा सोडते. नऊ इंची भिंतसुद्धा दुपारचं ऊन सहा-सात तासांनी आत पोचवते. सांगलीत मे महिन्यात रात्री दहा वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून तळवा लावून पाहा, चार वाजताचं ऊन तुम्हाला तिथे सापडेल. भिंत दोन फुटी असेल तर हा उशीर आणखी वाढतो आणि चढउतार मावळत जातो. सांगलीजवळच्या हरिपूरला पेवांत, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांत, हळद टिकायची त्यात हाही भाग होता. जमिनीत दीड-दोन फुटांखाली दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ पोचतच नाही. पण पेवातलं तापमान कुणी कमी केलेलं नसतं, ते फक्त सरासरीवर येऊन थांबलेलं असतं. भिंतीचंही तसंच. दिवसा प्यायलेली उष्णता रात्री बाहेर टाकायला वाट मिळाली तरच ती सकाळी पुन्हा रिकामी होते.

वाड्यात ती वाट होती. मधला चौक रात्री उघडा, झरोके उघडे, सोप्यामुळे, म्हणजे ओसरीमुळे, भिंतीवर सावली आणि डोक्यावर माळवद, म्हणजे मातीचं जाड सपाट छप्पर. माण-खटाव, आटपाडी, जतकडे अजून पांढऱ्या मातीची माळवदं आणि भेंड्यांच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या, भिंती उभ्या आहेत. त्या घरात दुपारी बसून बघा, गारवा आधी वरून जाणवतो. आपण मात्र माळवद काढून पाच इंची स्लॅब टाकली, चौक बुजवला, चोर आणि डासांच्या भीतीने रात्रीच्या खिडक्या लावून घेतल्या. आता एकट्या भिंतीची जाडी परत आणून वाडा परत येणार नाही.

"पुठ्ठ्याची घरं ना ऊन अडवतात ना थंडी."

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण अशी भिंत उभी राहताना मी पाहिली आहे. बहीण मिनेसोटात असते. तिच्याकडे गेलो तेव्हा शेजारच्या प्लॉटवर घराचं काम चालू होतं आणि मी रोज सकाळी चहा घेऊन तिथे जाऊन उभा राहायचो.

स्टड म्हणजे भिंतीच्या चौकटीतले उभे लाकडी वासे. तिकडच्या साध्या घरात त्यांची एकच रांग असते, वाशांमध्ये इन्सुलेशन, बाहेरून प्लायवूडसारख्या फळ्या आणि आतून जिप्सम बोर्ड. गोम अशी की लाकूड त्या भुशाच्या तिपटीने उष्णता वाहतं, आणि प्रत्येक वासा आतल्या बोर्डापासून बाहेरच्या फळीपर्यंत आरपार गेलेला असतो. कडाक्याच्या थंडीत प्रत्येक वाशातून ऊब बाहेर पळते. डबल-स्टड भिंतीत वाशांच्या दोन स्वतंत्र रांगा असतात, एक आत आणि एक बाहेर. त्यांचे वासे म्हणायला दोन बाय चार, पण रंधून उरतात दीड बाय साडेतीन इंच. दोन्ही रांगांमध्ये पाच इंच अंतर ठेवलं की साडेतीन, पाच आणि साडेतीन मिळून एक फूट भिंत होते. एकही वासा आरपार नाही. इमारतीचा भार एकच रांग घेते, दुसरी फक्त जागा धरून ठेवते.

मग आतल्या रांगेवर जाळीचं कापड ताणून पिना मारतात आणि जाड नळीने कागदाचा भुसा आत फुंकतात. जाळी पोटासारखी फुगून घट्ट होईपर्यंत भरतात. पिंजारी गादीत कापूस ठासतो ना, अगदी तसं. ठासण्यालाही माप आहे, घनमीटरला ५५ किलोच्या आसपास. त्याहून सैल भरलं तर भुसा काही वर्षांनी खाली बसतो आणि भिंतीच्या माथ्याशी रिकामी फट पडते. खिडकीची चौकट फूटभर खोल होते, तिच्या चारी बाजूंना दोन्ही रांगा जोडणारी प्लायवूडची पेटी करावी लागते. त्या पेटीचे कोन जुळवण्यात सुतारांचा अख्खा दिवस गेलेला मी पाहिला.

अशी एक फुटाची भिंत उष्णता जेवढी अडवते तेवढी अडवायला विटेची भिंत पंधरा फुटांहून जाड बांधावी लागेल.

ही काही कालची फॅशनही नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्याच्या धडपडीतून हे आलं. १९७६ साली इलिनॉय विद्यापीठात 'लो-कॅल' घराचा आराखडा झाला, त्यात वाशांच्या दुहेरी रांगा होत्या. १९७७ साली कॅनडात रेजायना शहरात सस्कॅचवान कॉन्झर्वेशन हाऊस उभं राहिलं, एक फुटी भिंतींचं. रेजायनात हिवाळ्यात पारा उणे ३० च्या खाली उतरतो. ज्या भिंतीने तिथली थंडी अडवून दाखवली तिला पुठ्ठा म्हणणं हे अज्ञान आहे.

"वाऱ्याने उडतात, पेटतात."

वाऱ्याचा आणि इन्सुलेशनचा संबंध नाही. चौकट पायाला कशी जखडली आहे त्यावर ते अवलंबून. आगीचा प्रश्न मात्र रास्त आहे. भुशात बोरेटचे क्षार मिसळलेले असतात, त्यामुळे तो भडकून पेटत नाही, कडेने काळा पडत जातो. तरी दोन रांगांमधल्या जागेतून आग एका मजल्यावरून दुसऱ्यावर चढू नये म्हणून मध्ये प्लायवूडचे किंवा जिप्समचे आडवे अडसर घालावेच लागतात. ते विसरणारा सुतार धोकादायक काम करतो.

या भिंतीचा खरा शत्रू पाणी आहे आणि त्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. घरातली दमट उबदार हवा फटींमधून भिंतीत शिरली की बाहेरच्या गारठलेल्या फळीवर तिचं पाणी होतं. इन्सुलेशन जितकं चांगलं तितकी ती फळी जास्त थंड, म्हणून धोकाही जास्त. त्यामुळे ते लोक आतल्या बाजूची प्रत्येक फट, प्रत्येक स्विचबॉक्स चिकटपट्टीने बंद करतात, दारात मोठा पंखा बसवून हवा कुठून गळते ते तपासतात आणि बाहेरची बाजू वाळेल अशी ठेवतात.

इथे काहीजण मला विचारतात, मग आपणही तशी भिंत बांधायची का? माझं उत्तर नाही असंच आहे. रेजायनात आतबाहेर ५० अंशांचा फरक असतो, आपल्याकडे भर उन्हाळ्यात एसी लावलेल्या खोलीतही बारा-पंधराचा. महाबळेश्वर-पाटणच्या पट्ट्यात पावसाळ्यात चार महिने ओल उतरत नाही, आणि एसी चालू असेल तर वाफ बाहेरून आत ओढली जाते. तिकडच्या नकाशाप्रमाणे आतून प्लॅस्टिक लावलं तर ती तिथेच अडकून भिंत कुजवेल. वर वाळवी. आणि सांगलीत तर कृष्णा आहे. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. विटेची भिंत पूर ओसरल्यावर धुऊन वाळवता येते. भुशाची भिंत उकरून फेकावी लागेल.

"पंधरा इंच भिंत बांधा आणि एसी विसरा."

काकांच्या घराचाच हिशोब मांडतो. घर २५ बाय ४०, बाहेरचा परीघ १३० फूट. नऊची दीड विटेची, म्हणजे साडेतेरा इंची केली तर आतली सुमारे ४६ चौरस फूट जागा जाते, म्हणजे एक बाथरूम. बदल्यात भिंतीतून येणारी उष्णता कमी होते साधारण पाचव्या हिश्शाने. त्याच नऊ इंची भिंतीला बाहेरून दोन इंची एक्सपीएस शीट, म्हणजे थर्माकोलच्या जातीची घट्ट फेसाची पाटी, लावून जाळी आणि गिलावा केला, तर उष्णता चौथ्या हिश्शावर येते. शिवाय विटांचं वजन इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला राहतं आणि रात्री खिडक्या उघडल्या की गार होतं. वाड्यातली युक्ती तीच होती.

आणि ज्यांना दगडीच जाड भिंत हवी आहे त्यांनी ११ डिसेंबर १९६७ आठवावा. कोयनेच्या भूकंपात मातीत रचलेल्या जड दगडी भिंती माणसांच्या अंगावर आल्या. १९९३ साली किल्लारीतही तेच झालं. नुसत्या जाडीला मजबुती समजणं या जिल्ह्यात तरी आपल्याला परवडणारं नाही.

"इन्सुलेशन हा कंपन्यांचा धंदा."

धंदा आहेच, सिमेंटही धंदाच आहे. एका डब्यात घर दहा अंश थंड करणारा रंग विकायला येतात त्यांच्यापासून सावध राहा असं मीही सांगतो. पांढरा रंग ऊन परतवतो आणि ते चांगलंच आहे, पण तो म्हणजे इन्सुलेशन नव्हे. दुसरं, इन्सुलेशनचे पहिले दोन इंच सगळ्यात मोलाचे. पुढच्या प्रत्येक इंचाचा फायदा कमी होत जातो, म्हणून आपल्या हवेत फूटभर भरायला सांगणारा माणूसही चुकतोय.

पण पहिले दोन इंच कुठे? छपरावर. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात साताऱ्यात आणि सांगलीत सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच असतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन जवळजवळ नसतंच, सगळा मारा स्लॅबवर. आणि उघडी पाच इंची स्लॅब नऊ इंची भिंतीच्या दीडपट उष्णता आत सोडते. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत, छपराच्या यू-व्हॅल्यूला १.२ ची मर्यादा आहे. आतबाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पलीकडे जाते, तो हा आकडा. उघडी स्लॅब साडेतीनच्या आसपास जाते. वर नुसता ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, केला तरी ती मर्यादेत येत नाही. कोब्याखाली दोन इंची शीट घातली की ०.६ च्या खाली येते.

काकांना काल साइटवर हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. बाहेरच्या भिंती नऊ इंचीच राहणार. वाचलेल्या विटांच्या पैशांत स्लॅबवर शीट, वर कोबा आणि पांढरी चायना मोझॅक. पश्चिमेच्या खिडक्यांना दोन फुटी छज्जे आणि बाजूने उभी आडोशाची भिंत, कारण तिरपं ऊन एकट्या छज्ज्याने अडत नाही. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून शीट लावायची की तिकडे दोन कडुलिंब लावायचे, यावर काकू कडुलिंबाच्या बाजूने आहेत. मी म्हटलं दोन्ही करा, झाड वाढायला सात-आठ वर्षं जातील. तेवढं एक ठरायचं राहिलंय.