डी-डायमर ६४० आणि लघवीची राहून गेलेली तपासणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप रोखठोक आहे, म्हणून उत्तर जरा लांब देते. मधुमेहात फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन), पीएआय-१ (गुठळी विरघळू न देणारे प्रथिन) आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर (प्लेटलेट्सना चिकटायला मदत करणारे प्रथिन) वाढतात, रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावल्याची ती खूण असते, असे मी मागच्या लेखात लिहिले. शेवटी मात्र या तपासण्या आपणहून करू नका असेही लिहिले. ‘मग लेख लिहिलात कशाला?’ हा तुमचा सवाल. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारे तुमचे वडील ६६ वर्षांचे, मधुमेह १४ वर्षांचा. हेल्थ पॅकेजमध्ये डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात उरणारा तुकडा) ६४० आणि फायब्रिनोजेन ४३० आले, दोन्ही ठळक अक्षरांत. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. तुम्हाला ही टाळाटाळ वाटते. रक्त पातळ करण्याची गोळी तेव्हाच सुरू व्हायला हवी होती, असे तुमचे मत.

लेखातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचे एकमेकींशी भांडण नाही. हजार मधुमेहींची सरासरी हजार निरोगी माणसांच्या सरासरीशी ताडली की फरक दिसतो. पण दोन्ही गटांतले आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या माणसाचा रिपोर्ट पाहून त्याच्या रक्तवाहिन्यांची अवस्था सांगता येत नाही. व्हॉन विलेब्रँड फॅक्टरच घ्या. ‘ओ’ रक्तगटाच्या माणसात तो मुळातच साधारण पाव हिश्शाने कमी असतो. पीएआय-१ पहाटे-सकाळी सर्वांत जास्त आणि दुपारनंतर कमी. उपाशीपोटीचे रक्त नेमके सकाळी काढतात. शिवाय प्लेटलेट्समध्येही तो साठलेला असतो, म्हणजे नमुना नीट सेंट्रिफ्यूज झाला नाही (यंत्रात फिरवून प्लेटलेट्स वेगळ्या केल्या नाहीत) तर आकडा फुगलाच.

आता वडिलांचा रिपोर्ट. डी-डायमरच्या आकड्याशेजारी एकक काय छापले आहे ते आधी पाहा. एफईयू (फायब्रिनोजेन इक्विव्हॅलंट युनिट) आणि डीडीयू (डी-डायमर युनिट) अशी दोन एकके चालतात आणि पहिल्यातला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. एफईयूमध्ये नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. पन्नाशीनंतर वय गुणिले १० अशी मर्यादा वापरतात, म्हणजे ६६ व्या वर्षी ६६०. ही सूट मुळात पायात किंवा फुप्फुसात गुठळी असल्याचा संशय आहे, पण तो फार बळकट नाही, अशा रुग्णांसाठी ठरलेली आहे. डी-डायमरचे खरे कामही तेच : आकडा कमी आला तर तिथे गुठळी नाही असे म्हणता येते. वाढलेला आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही. ताप, न्यूमोनिया, नुकते झालेले ऑपरेशन, पायाची चिघळलेली जखम, नुसते वाढते वय, कशानेही तो वर जातो. एकक डीडीयू असेल तर मात्र ६४० हा बराच जास्त आकडा आहे. तो डॉक्टरांना पुन्हा दाखवा. आणि एका पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखली, दम लागला किंवा छातीत दुखले, तर रिपोर्ट कितीही असो, त्याच क्षणी इमर्जन्सीत जायचे.

फायब्रिनोजेनची नेहमीची कक्षा २०० ते ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दाह झाला की यकृत ते जास्त बनवते, त्यामुळे हिरड्यांच्या आजाराने किंवा सिगारेटनेही ४३० सहज होते. मधुमेहींत हिरड्यांचा आजार जास्त, तेव्हा दातांचा डॉक्टर गाठणे यात जास्त शहाणपणाचे. रिपोर्टवर पद्धत ‘क्लाउस’ (फायब्रिनोजेन स्वतंत्रपणे मोजण्याची पद्धत) लिहिली आहे ना, तेही बघा. प्रोथ्रॉम्बिन टाइम या गोठण्याच्या दुसऱ्या तपासणीवरून काढलेला आकडा बहुधा जास्त येतो.

घरी येऊन घेतलेल्या नमुन्याचीही एक गोम असते. गोठण्याच्या तपासणीची निळ्या बुचाची नळी खुणेपर्यंत भरावी लागते, कारण नळीतले सायट्रेट (रक्त गोठू न देणारे रसायन) आणि रक्ताचे प्रमाण एकास नऊ ठरलेले आहे. नळी अर्धवट भरली तर गोठण्याचा वेळ खोटा लांबतो. भरल्यावर ती तीन-चार वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, घुसळायची नाही. बर्फात ठेवायची नाही. एपीटीटी (गोठण्याचा वेळ मोजणारी तपासणी) करायची तर साधारण चार तासांत प्रक्रिया व्हायला हवी. कासारवडवलीत सात वाजता रक्त घेतले, आणखी दहा घरे केली आणि माजिवड्याच्या कोंडीत पिशवी अडकली, तर हे चार तास बघता बघता संपतात.

रक्तवाहिन्यांचे नुकसान खरोखर मोजायचे असेल तर लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीत किती प्रथिन गळते त्याचे माप) करा. तुमच्या लांबलचक प्रतिक्रियेत ते कुठेच नाही, आणि मला खटकले ते हेच. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या गळू लागल्या, ३०० च्या वर म्हणजे गळती बरीच. सकाळची पहिली लघवी द्या. तलावपाळीला भराभर फेऱ्या मारून आल्यावरची नको, व्यायामाने अल्ब्युमिन वाढते. ताप आणि मूत्रमार्गाचा संसर्ग असतानाही नको. एकदा वाढलेले दिसले तर तीन ते सहा महिन्यांत एकूण तीन नमुने करा, त्यातले दोन वाढलेले असले तरच खरे धरतात. सोबत रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळते त्याचा अंदाज), आणि बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, वर्षातून एकदा. डोळ्यात आणि मूत्रपिंडात मुख्य बिघाड केशवाहिन्यांच्या भिंतीचा असतो. ‘रक्त घट्ट झाले म्हणून किडनी गेली’ हे तुमचे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे. गुठळी घात करते ती मुख्यतः मोठ्या धमन्यांत, चरबीचा थर फुटला की. साखर चिकटलेल्या फायब्रिनचे जाळे दाट विणले जाते आणि ते विरघळवणाऱ्या प्लाझ्मिनला दाद देत नाही.

पायांसाठी घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर घ्यावे. ०.९ किंवा कमी म्हणजे धमनी अरुंद. १.४ च्या वर आले तर खूश होऊ नका : जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठते, पट्टा ती दाबूच शकत नाही आणि आकडा खोटा चढतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून त्याचे दंडाच्या दाबाशी गुणोत्तर काढतात; तिथे ०.७ च्या खाली बिघाड.

राहिली रक्त पातळ करण्याची गोळी, म्हणजे ॲस्पिरिन. ‘असेंड’ या ब्रिटनमधल्या चाचणीत, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, मधुमेह असलेले पण हृदय-रक्तवाहिन्यांचा ज्ञात आजार नसलेले १५,४८० लोक होते. सरासरी ७.४ वर्षांत रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ८.५ टक्क्यांना, न घेणाऱ्यांपैकी ९.६ टक्क्यांना हृदयविकार किंवा पक्षाघातासारखी गंभीर घटना झाली. मोठा रक्तस्राव ४.१ विरुद्ध ३.२ टक्के. म्हणजे हजारांत अकरा जणांची गंभीर घटना टळली, पण नऊ जणांना जास्तीचा मोठा रक्तस्राव झाला. म्हणून ही गोळी सरसकट देत नाहीत; रक्तदाब, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) आणि सिगारेट सोडणे यांवर आधी जोर देतात. वडिलांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा स्टेंट बसवला असेल, तर हा हिशेब त्यांना लागू नाही. तेव्हा चालू असलेली ॲस्पिरिन हा मजकूर वाचून स्वतःहून बंद करू नये.